आईने घासलेलं इंजिन

आमच्या आईने त्या वर्षी खंडेनवमीसाठी चिंच आणि राख लावून जे काही घासून काढलं, त्यात तांब्याचा हंडा होता, पितळेची समई होती, विळी होती आणि एका जीपच्या इंजिनाचे सुटे भाग होते. हंडा, समई, विळी लखलखीत झाली. इंजिनाचे भागही लखलखीत झाले. फक्त ते पुन्हा जोडता येईनात, आणि त्या इंजिनावर माझं लग्न अडकलेलं होतं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी नुकताच आयटीआय पास होऊन सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून चिकटलो होतो. सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावलं होतं. (शेजारी आजोबांचा फोटो होता. आई दर गुरुवारी दोघांनाही हार घालायची.) नोकरी लागली म्हणजे मुलगा लग्नाचा झाला, या हिशेबाने बाबांनी निफाडकडचं एक स्थळ आणलं. मुलगी सुलभा नाशिकलाच हॉस्टेलवर राहून डी.एड. करत होती. तिचे वडील अण्णा कांदा पिकवणारे, लासलगावच्या लिलावाला स्वतःच्या जीपने जाणारे. ही जीप लष्कराच्या लिलावातून घेतलेली, आणि ती मागून इतका धूर सोडायची की ती गावातून गेली की संध्याकाळपर्यंत डास येत नसत.

मुलगी बघायला गेलो. पोहे आले. अण्णांनी विचारलं, "काय करता पाव्हणं?"

"टर्नर आहे. मशीनवर काम करतो."

एवढ्यावर थांबलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण दाराच्या पडद्याआड सुलभाच्या बांगड्या वाजल्या आणि माझ्या अंगात आलं. मी म्हणालो, "आता तुमचीच जीप घ्या. तेल पिते. बोअर झिजलाय तिचा. इंजिन उघडायचं, बोअर करायचा, नवे पिस्टन टाकायचे. आपल्या हातचा मळ आहे."

वास्तविक तोवर मी इंजिन म्हणून जे उघडलेलं पाहिलं होतं, ते आयटीआयच्या हॉलमध्ये मधोमध कापून, निळा-तांबडा रंग देऊन ठेवलेलं होतं. ते आधीच उघडं असल्यामुळे उघडायचा प्रश्नच आला नव्हता.

अण्णा खूश झाले. "मंग घेऊन जा की. दसऱ्याला गाडीला हार घालून घरी आणायची हाय. झाली चालू, तर लगेच साखरपुडा."

"आणि नाही झाली तर?" बाबांनी विचारलं. बाबा कचेरीत कारकून होते. अटी पूर्ण वाचल्याशिवाय ते कुठे सही करत नसत.

"नाय झाली तर काय," अण्णा म्हणाले, "पोहे तर खाल्लेच हाईत."

तर अशी ती जीप धूर सोडत आमच्या दारात आली. मी आणि कारखान्यातल्या दोन मित्रांनी साखळीची पुली लावून इंजिन काढलं, आणि सगळे सुटे भाग काढलेला नुसता ब्लॉक टेम्पोत घालून नाशिकच्याच द्वारका चौकात गांगुर्डे नानांकडे नेला. एका पोत्यात पिस्टनचे दांडे होते, नवे पिस्टन चढवायला. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा ओतीव लोखंडी देह. त्यात चार गोल विहिरी, त्या विहिरींत चार पिस्टन वर-खाली करतात. विहिरी झिजल्या की त्या थोड्या मोठ्या कापून घ्यायच्या, याला म्हणतात बोअर करणं. नानांचं दुकान म्हणजे एक बोअरिंग मशीन, एक बाक आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर. पंचक्रोशीतले ट्रक आणि ट्रॅक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले. नानांनी आयुष्यात आयटीआयचं फाटक पाहिलं नव्हतं, ही गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली.

नानांनी एक छोटी हातोडी घेऊन ब्लॉकला टण्ण करून वाजवली आणि कान लावला.

"चीर नाय," ते म्हणाले. "चीर असली तर ब्लॉक थप्प बोलतो. घासून निघेल. वीस थाऊ."

एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वीस थाऊ म्हणजे पोस्टकार्डाची जाडी दोनदा घेतली तरी जेमतेम. मी लगेच खिशातून पट्टी काढली आणि विहिरीवर धरली. नानांनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आयटीआय," ते म्हणाले (त्या दिवसापासून त्यांनी मला याच नावाने हाक मारली), "आधी धुवायचं, मग मोजायचं. काजळीचं माप घेऊन काय करशील?"

मग महिनाभर नाना मला एकेक गोष्ट सांगत राहिले आणि मी ती एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडत राहिलो. पिस्टन आधी आण, त्याचं माप घेऊ, मग बोअर करू. चप्पल पायाच्या मापाची असते, पाय चपलेच्या मापाचा नसतो. विहीर वर मोजायची, मधे मोजायची, खाली मोजायची, आणि आडवी-उभी दोन्हीकडून मोजायची, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. बोअर झाल्यावर ब्लॉक रॉकेलने धुवू नको, साबण आणि कढत पाण्याने धू. लोखंडाची पिठी रॉकेलने निघत नाय, ती आत बसते आणि नवे पिस्टन महिन्यात खाते. शेवटी पांढरं फडकं फिरव. फडकं पांढरं निघालं, की झालं.

यातली साबणाची गोष्ट मात्र मी पाळली, आणि घरात पहिला भडका तिथेच उडाला. रविवारची सकाळ. बंबातलं सगळं कढत पाणी मी मोरीत ब्लॉकवर ओतलं. कपड्याच्या साबणाची अख्खी वडी संपवली. पांढरं फडकं शोधता शोधता दोरीवर बाबांचा नवा पंचा दिसला. तो विहिरींतून चार वेळा फिरवल्यावर ब्लॉक स्वच्छ झाला आणि पंचा ब्लॉकसारखा झाला.

बाबा अंघोळीला आले. बंब गार, पंचा काळा, आणि मोरीत बसायच्या जागी ब्लॉक बसलेला.

"याची अंघोळ झाली असेल," बाबा शांतपणे म्हणाले, "तर याला गंध लावून बाहेर बसवा."

ब्लॉक बाहेरच्या खोलीत चौरंगावर बसला, तो दसऱ्यापर्यंत तिथेच होता. येणारे-जाणारे चपला काढून त्याच्याकडे बघायचे. शेजारच्या काकूंनी एकदा नमस्कारही केला.

आता खरी मेख. पिस्टनला खाली एक दांडा असतो, त्या दांड्याचं खालचं कडं क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या जोराने गोल फिरणाऱ्या मुख्य दांडीला, धरून बसतं. कडं दोन अर्ध्या कमानींचं असतं. वरची कमान दांड्यालाच असते, खालची कमान सुटी येते. तिला कॅप म्हणतात. अशा चार कॅप. दिसायला चौघी सख्ख्या बहिणी, पण प्रत्येक कॅप तिच्या दांड्याबरोबर एकत्र बोअर केलेली असते.

"दुसरीची कॅप बसते," नानांनी बजावलं होतं, "पण नांदत नाय. क्रँक जाम होतो. खुणा कर. पोलादी पंच धरून हातोडीने ठिपके मार. दांड्याला एक, कॅपला एक. दोनाला दोन."

"करतो," मी म्हणालो, आणि खिशातून खडू काढला.

नाना खडूकडे बघत राहिले. "खडू?"

"तात्पुरता हो, नाना. मला पाठ आहे सगळं."

नाना मान हलवून मशीनकडे वळले. मला वाटलं, त्यांना पटलं.

घरी येऊन मी आईच्या स्वयंपाकघरातल्या चार स्टीलच्या ताटल्या घेतल्या. प्रत्येक ताटलीत एक कॅप, तिचे बोल्ट, तिचे नट. कॅपवर खडूने आकडा, ताटलीवर खडूने आकडा. क्रँक बसवला, चारही पिस्टन आपापल्या विहिरीत सोडले, ब्लॉक उलटा केला. आता फक्त चार कॅप लावायच्या की गाडी दारातून हार घालून निघणार. नवमीला पहिली पाळी होती, म्हणून ते काम दुपारवर टाकून मी कारखान्यात गेलो. तिथेही मशीनची पूजा झाली, पेढे मिळाले. साडेतीनला उड्या मारत घरी आलो.

दारातच आई प्रसन्न चेहऱ्याने उभी. "बघ तरी. तुझ्या हत्यारांचीसुद्धा केली हो पूजा. विसरले नाही."

पाटावर रांगोळी होती. मध्ये विळी, कातरी, बाबांचं फाउंटन पेन आणि माझे पाने. भोवती चार कॅप, फुलाच्या पाकळ्यांसारख्या मांडलेल्या, प्रत्येकीच्या कमानीत एक झेंडू. प्रत्येकीच्या कुशीवर हळदीवर कुंकवाचं गच्च बोट. आणि कॅप अशा चकचकीत की त्यांत माझा उतरलेला चेहरा दिसत होता.

"आई, खडूच्या खुणा?"

"कसल्या खुणा? केवढा काळा मेणचटपणा होता. चिंच लावली, राख लावली, तेव्हा कुठे उजळल्या. आणि माझ्या ताटल्या लोखंडाला वाढायला घेतल्यास? उद्या नैवेद्याला ताटल्या नकोत?"

मी पाटाकडे हात पुढे केला, तर आईने हातावर चापट दिली. "आज हत्याराला हात लावायचा नाही. उद्या उत्तरपूजा होईपर्यंत काही हलायचं नाही."

"आई, उद्या अण्णा येणारेत!"

"येऊ देत. त्यांच्याकडे खंडेनवमी नसते का?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा पाटाकडे बघत होते. "माझं पेनसुद्धा अडकलंय," ते म्हणाले. "पोस्टमन सहीचं पत्र घेऊन आला तर मी अंगठा देणार आहे."

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली आणि आठ वाजता चार कॅप माझ्या ताब्यात आल्या. मी पहिलं काम म्हणून फडकं घेऊन कुंकू पुसायला गेलो.

"सणाच्या दिवशी कुंकू पुसतोस?" आईचा आवाज असा काही लागला की फडकं हातातून गळालं. तेव्हा कुंकवासकट कॅप बसवायला घेतल्या. मला पाठ होतंच. पहिली लावली, क्रँक हाताने फिरवला, जड फिरला. दुसरी लावली, आणखी जड. तिसरी लावली आणि क्रँक असा घट्ट बसला की मी त्याला लोंबकळलो तरी हलेना.

बाबा चहा घेऊन आले. सगळी हकिगत त्यांनी ऐकून घेतली. मग पेनाचं टोपण काढलं (पेन सुटलं होतं) आणि पंचांगाच्या मागे गणित मांडलं.

"चार टोप्या, चार जागा. चोवीस प्रकार होतात. शिवाय प्रत्येक टोपी उलटी किंवा सुलटी. म्हणजे तीनशे चौऱ्याऐंशी प्रकार. एका प्रकाराला किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं."

"अण्णा किती वाजता येणारेत?"

"अकराला."

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजत होते. त्यांनी टोपण लावलं आणि माझ्या हातात चहा दिला.

दोन तासांत बारा प्रकार झाले. तेराव्याला दारात अण्णा उभे. हातात झेंडूचा भला मोठा हार, जीपच्या मापाचा. आणि मागे सुलभा, खांद्याला हॉस्टेलची पिशवी. अण्णा तिला सणाला घरी न्यायला आले होते, नव्या चालू जीपमधून! मी चौरंगाशी उकिडवा, बनियनवर, कपाळापासून कोपरापर्यंत तेलात. बघण्याच्या कार्यक्रमाला मी तलम शर्ट घातला होता, तो माणूस कुठे गेला असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला.

"झालं का?" अण्णांनी विचारलं.

"थोडक्यात आहे," मी म्हणालो.

"तीनशे एकाहत्तर राहिलेत," बाबा म्हणाले. बाबांना खोटं चालत नसे.

मग सगळं बाहेर आलंच. अण्णांनी हार खुर्चीवर ठेवला. आईला आता कुठे आपण काय केलं ते कळलं आणि तिने डोळ्याला पदर लावला. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मुलगी हातची जात होती, आणि तीही खडूच्या दीड इंची तुकड्यापायी.

"खडूने खुणा केल्या होत्या?" सुलभाने विचारलं. ती माझ्याशी बोललेली ती पहिली ओळ. "आम्हाला डी.एड.ला पहिल्याच आठवड्यात सांगतात, खडूनं लिहिलेलं उद्यापर्यंत राहत नाही."

ती आईजवळ खाली बसली आणि मी काढून ठेवलेली एक कॅप उचलून उजेडाकडे धरली. कुंकवाच्या बोटाखाली कडेला तिला काहीतरी टोचल्यासारखं दिसलं. तिने कुंकू टिपायला बोट पुढे केलं, आणि आईचा श्वास अडकला. तेव्हा सुलभाने काय करावं? ते कुंकू अलगद बोटावर घेतलं आणि आईच्या कपाळाला लावलं.

"पुसलं नाही, काकू. लावलं."

कुंकवाखाली दोन ठिपके होते. पोलादावर पंचाने मारलेले, नीट, खोल, चिंचेच्या बापालाही न निघणारे. दुसरी कॅप उचलली, तिचं कुंकू स्वतःला लावलं. खाली चार ठिपके. तिसरीचं अण्णांना, तिच्याखाली एक. मी वाकून दांड्यांची तेलकट कड पुसली. तिथेही ठिपके. ते मी पिस्टन सोडताना पाहिले होते, आणि ओतकामातले खड्डे समजून सोडून दिले होते.

चौथ्या कॅपचं कुंकू राहिलं होतं. ते आता आपल्या वाट्याला येणार म्हणून मी कपाळ जरासं पुढे केलं. सुलभाने ते ब्लॉकला लावलं.

एकाला एक, दोनाला दोन, ठिपक्यासमोर ठिपका. चार कॅप बसवल्या, आणि मी क्रँकला हात लावला तर तो जात्यासारखा गोल फिरला. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "वा, पाव्हणं! खडू नुसता दाखवायला होता व्हय? पक्क्या खुणा आधीच करून ठेवल्या हुत्या. लय हुशार."

आता बघा, मी काही बोललो नव्हतो. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. आई आनंदाने शिऱ्याला रवा भाजायला उठली होती. आणि नेमके त्याच वेळी गांगुर्डे नाना दारात आले, विहारातला कार्यक्रम आटोपून, पांढरेशुभ्र कपडे घालून. माझं इंजिन झालं का बघायला आले होते. त्यांनी चौरंग पाहिला, कपाळं पाहिली, ब्लॉकवरचं कुंकू पाहिलं, आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

सुलभाही माझ्याकडेच बघत होती.

"ठिपके नानांचे आहेत," मी म्हणालो. "माझा फक्त खडू."

"मी खडूवाल्यांना वळखतो," नाना म्हणाले. "दांडे आन् कॅप माझ्याकडं होते तवाच मारून ठेवले."

आतून रव्याचा वास येत होता. अण्णांनी नानांना दुसरी खुर्ची दिली, स्वतः खाली बसले आणि मी तिथे नसल्यासारखं विचारलं, "नाना, तुमच्या हाताखालून शेकडो गेले असतील. हे पोरगं कसं हाय? लेक द्यायची हाय."

नाना उठले. त्यांनी माझ्या पाठीत एक दणका घातला आणि कान देऊन ऐकलं.

"चीर नाय," ते म्हणाले. "घासून घ्यावा लागंल. वीस थाऊ तरी."

सुलभा तोंडाला पदर लावून आत पळाली. अण्णा हसता हसता खुर्चीवरच्या हारावर हात टेकून बसले, त्यात हाराचा चुरा झाला. नानांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या, माझे दोन मित्र पुली घेऊन आले, आणि संध्याकाळपर्यंत इंजिन जीपमध्ये बसलं. सुरू मात्र झालं दुसऱ्या दिवशी. म्हणजे आमचं सीमोल्लंघन एकादशीला झालं, साबुदाण्याची खिचडी खाऊन, चुरगळलेला हार घालून. जीप गल्लीच्या टोकापर्यंत गेली तरी मागे धुराचा पत्ता नव्हता, आणि आमच्या गल्लीत डास आले.

साखरपुडा झाला, लग्न झालं, जीप पुढे वर्षानुवर्षं लासलगावला जात राहिली. सुलभाने मात्र नानांचा शब्द मनावर घेतला. तेव्हापासून ती मला घासतेच आहे. कधी बोलण्याला, कधी आळसाला, कधी न विचारता दिलेल्या सल्ल्याला. परवा अंगणात सायकलची चेन काढून, कड्यांवर खडूने खुणा करत, हात काळे करून बसलो होतो. सहज विचारलं, "काय गं, इतकी वर्षं झाली. वीस थाऊतलं किती राहिलं आता?"

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि म्हणाली, "आधी धुवून या. मग मोजते."